पिकअपला ‘कोल्ड एअर किट’ बसवायला निघालात? आधी हे वाचा

५३,१४० रुपये. एवढे गेले माझे, तेही एका एअर फिल्टरपायी. प्रकरण आता ग्राहक आयोगात आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण अंगाची आग अजून गेलेली नाही.

गाडी २०१८ची, बीएस-४. सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डला सीताफळ, अंजीर, पावटा न्यायचा आणि येताना सरकी पेंडेची पोती भरायची. म्हणजे दिवे घाट भरल्या गाडीनं चढायचा. घाटात गाडी दम टाकायला लागली, मागून काळा धूर. रस्ता रुंदीकरणाची धूळ तिथे किती उडते हे रोज जाणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे फिल्टरवर संशय जाणं साहजिक होतं, कुणाचाही गेला असता.

नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. “दादा, कंपनीचा कागदी फिल्टर हवा अडवतो. कॉटनचा टाका, धुऊन जन्मभर वापरा. पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल.” इनटेक किट (इंजिनकडे हवा नेणारा पाइप, हेच ते ‘कोल्ड एअर किट’) १४,५००, फिल्टर ६,८००, तेलाचा स्प्रे ८५०, फिटिंग १,२००. जुना एअर बॉक्स, म्हणजे कंपनीचा फिल्टरचा डबा, “इथंच ठेवा” म्हणाला आणि त्याचे १,००० वजा केले. झाले २२,३५०. जुना पार्ट दुकानात सोडू नका. तो हातात असता तर मी दुसऱ्याच दिवशी परत बसवला असता.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. फिल्टर खोक्यातून काढला तेव्हा मी तो स्वतः उजेडाकडे धरून पाहिला. घड्यांमधून उजेडाचे ठिपके दिसत होते. विचारलंसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, “कॉटनला असंच दिसतं, तेल लागलं की धूळ तेलाला चिकटते.” आणि हे खोटं नाही! चांगल्या कॉटन फिल्टरचं काम तसंच चालतं. अर्ध्या खऱ्याच्या आड त्यानं नकली माल खपवला. माझ्या फिल्टरच्या तोंडाचं रबर बोटानं दाबलं तरी दबत नव्हतं, कडक प्लॅस्टिकसारखं होतं. क्लिप कितीही आवळली तरी ते पाइपावर घट्ट बसणार कसं? तिथेच गाडी काढून घ्यायला हवी होती. पण समोर माणूस पान्हा घेऊन उभा, बॉक्स खोललेला, १०,००० आगाऊ दिलेले. अशा वेळी कोण उठून जातं? उरलेले १२,३५० भरताना स्कॅनरवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. नाव वेगळं दिसलं की पैसे पाठवू नका, बाकी काही ऐकू नका.

आणि कसलं कोल्ड एअर! कंपनीचा बॉक्स बाहेरची गार हवा ओढतो. यानं उघडा फिल्टर बॉनेटखाली, इंजिनच्या गरम वाफेत लटकवला. गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी. वर आवाज मोठा येतो, त्यालाच लोक ताकद समजतात.

पुढे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) शिट्टी मारायला लागला, निळा धूर, ऑइल कमी. हडपसरच्या मिस्त्रींनी फिल्टरपुढचा पाइप काढून आत बोट फिरवलं, बोटाला खरखरीत माती. टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या. रिकंडिशन टर्बो १८,५००, मजुरी ४,०००, ऑइल आणि ऑइल फिल्टर ३,९००, जुन्या बाजारातला एअर बॉक्स ३,२००, कागदी फिल्टर ५४०. आणि घाटातल्या दमाचं मूळ कारण? इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोकडून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा, होज (रबरी पाइप) चिरला होता. ६५० रुपयांचा! कुणीही किट सुचवलं तर आधी होज तपासून घ्या. कोणताही फिल्टर बदलल्यावर थोड्या दिवसांनी पाइपात बोट फिरवून बघा, माती लागली तर गाडी चालवूच नका.

दुकानदार म्हणाला, “फिटिंगची गॅरंटी नसते.” बिल म्हणून दिलेल्या कागदावर ‘एस्टिमेट’ छापलेलं, जीएसटी नंबर नाही. तो नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर तिथल्या तिथे तपासता येतो.

चौकीत गेलो तर आधी हद्दीचा प्रश्न. दुसऱ्या चौकीत साहेब म्हणाले, “माल घेतला, बसवून घेतला, गाडी चालवली, मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.” नकली माल खरा म्हणून विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? तक्रारअर्जाची पोच मागितली तर माझ्याकडेच संशयानं पाहिलं. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. आणखी एका कार्यालयात उलट मलाच झापलं, गाडीत बदल केलाच का म्हणून! दिवसभराचा धंदा बुडवून माणूस दारात उभा राहतो आणि खुर्चीतला माणूस मान वर करत नाही. माझ्यासारख्यानं जायचं कुठं? विकणारा अजून तिथेच बसून तेच खोके विकतोय.

ग्राहक आयोगात व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मी एस्टिमेटचा कागद, यूपीआयच्या पावत्या, मिस्त्रींनी लिहून दिलेला अहवाल आणि झिजलेला टर्बो जपून ठेवलाय. मिस्त्री जुना पार्ट भंगारात टाकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि नाना पेठेतून असंच किट घेऊन कुणाचा टर्बो गेला असेल तर खोक्याचे आणि पावतीचे फोटो मला पाठवा, माझ्या तक्रारीला जोडायचे आहेत.