प्रोजेक्ट सर्व्हरवर परमिशनचा कोणता मोड घ्यावा?

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट सर्व्हर (संस्थेतल्या प्रोजेक्टचं नियोजन आणि देखरेख करण्याचं सॉफ्टवेअर) नव्याने बसवताना परमिशन मोडचा, म्हणजे कोणाला काय बघता-करता येईल हे कोणत्या पद्धतीने ठरवायचं याचा, निर्णय बहुतेक ठिकाणी कोणी घेतच नाही. 2013 च्या आवृत्तीपासून नवीन साइट आपोआप शेअरपॉइंट मोडमध्ये सुरू होते (शेअरपॉइंट म्हणजे प्रोजेक्ट सर्व्हर ज्यावर चालतो ते मायक्रोसॉफ्टचं साइट आणि डॉक्युमेंटचं सॉफ्टवेअर). दुसरा पर्याय म्हणजे जुना प्रोजेक्ट सर्व्हर मोड. माझ्या मते निवड करताना एकच गोष्ट आधी बघावी: उद्या कोणाला ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं, तर त्याचं कारण तुमच्या ॲडमिनला किती वेळात सापडेल?

शेअरपॉइंट मोडमध्ये शोध लवकर संपतो. टीम मेंबर, प्रोजेक्ट मॅनेजर, पोर्टफोलिओ मॅनेजर असे ठरलेले मोजके ग्रुप आहेत. माणूस योग्य ग्रुपमध्ये आहे का आणि त्या प्रोजेक्टचा मालक कोण आहे, एवढं तपासलं की बहुतेक तक्रारी सुटतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (कंपनीच्या नेटवर्कवरच्या युजर खात्यांच्या मध्यवर्ती यादीचा) ग्रुप थेट आत घालता येतो, त्यामुळे नवीन माणूस आला की वेगळी नोंद करत बसावं लागत नाही. मात्र या ग्रुपचे प्रोजेक्टविषयक अधिकार ठरलेले असतात, ते बारीकसारीक बदलता येत नाहीत. दुसऱ्याच्या वतीने काम करण्याची डेलिगेट सोयही इथे मिळत नाही.

प्रोजेक्ट सर्व्हर मोडमध्ये ग्रुप, कॅटेगरी (कोणते प्रोजेक्ट आणि माणसं दिसावीत याचे नियम) आणि आरबीएस (रिसोर्स ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली याची उतरंड) असे तीन थर एकमेकांवर बसतात. समजा, एका विभागप्रमुखाला हाताखालच्या मॅनेजरचा प्रोजेक्ट दिसत नाही. ग्रुप बरोबर आहे, कॅटेगरीत ‘ओपन प्रोजेक्ट’वर अलाऊची टिकही आहे. पण कॅटेगरीचा नियम म्हणतो की प्रोजेक्टचा मालक आरबीएसमध्ये तुमच्या खाली असला पाहिजे, आणि त्या मॅनेजरच्या नोंदीत आरबीएसचा रकाना कोराच आहे. एररमध्ये याचा उल्लेखही नसतो; ॲडमिन बिचारा ग्रुप तपासत राहतो.

त्याहून त्रासदायक म्हणजे डिनाय, म्हणजे अधिकार स्पष्ट नाकारण्याची टिक. अलाऊ आणि डिनाय दोन्ही चौकटी रिकाम्या असतील तर तो अधिकार दुसऱ्या ग्रुपकडून मिळू शकतो. पण माणूस चार ग्रुपमध्ये असेल आणि एकाच ठिकाणी डिनाय असेल, तर बाकी तिन्हीकडचं अलाऊ वाया जातं. म्हणून या मोडमध्ये डिनायला शक्यतो हातच लावू नका. अधिकार नको असेल तर चौकट रिकामी ठेवा.

एवढं असूनही, एका विभागाचे प्रोजेक्ट दुसऱ्या विभागाला दिसता कामा नयेत आणि वरिष्ठांना मात्र आपापल्या खालचे सगळे दिसले पाहिजेत, अशी खरीच गरज असेल तर हाच मोड घ्या. शेअरपॉइंट मोडमध्ये ते नीट बसवता येत नाही. पन्नासेक माणसांच्या, एकमेकांपासून लपवण्यासारखं काही नसलेल्या ऑफिसने मात्र या वाटेला जाऊ नये.

फक्त रिस्क किंवा डॉक्युमेंटच्या पानावर अडत असेल तर आधी मोडला दोष देऊ नका. प्रोजेक्ट साइट ही वेगळी शेअरपॉइंट साइट असते. तिथले अधिकार आधी बघा.

निर्णय सुरुवातीलाच घ्या, कारण नंतर मोड बदलला की सुरक्षेची सगळी सेटिंग पुसली जातात. पुन्हा जुन्या मोडवर आलात तरी ती परत मिळत नाहीत. बदलणं भागच असेल तर आधी प्रत्येक ग्रुपचे सदस्य, कॅटेगरीचे नियम आणि अलाऊ-डिनायच्या टिक लिहून काढा, चाचणी सर्व्हरवर तेच उभं करून बघा आणि मगच चालू सर्व्हरला हात लावा.