वाटी बदलल्यावर गुठळी टाळायला काय: पोटातलं इंजेक्शन, गोळी की ॲस्पिरिन?

गुडघ्याची वाटी किंवा खुब्याचा सांधा बदलायचा ठरला की इम्प्लांट कोणतं यावर घरात भरपूर खल होतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून कोणतं औषध, हे मात्र डिस्चार्जच्या कागदावरच कळतं. ते ऑपरेशनआधी विचारा. गुडघ्याला साधारण दोन आठवडे, खुब्याला 35 दिवसांपर्यंत ते घरी तुम्हालाच निभवायचं असतं.

एनोक्झापॅरिनचं इंजेक्शन जुनं आणि भरवशाचं. बहुधा 40 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, कातडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालायची. नंतर चोळायचं नाही. चोळलं की काळंनिळं पडतं. किडनी फार कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं. ते ज्यांना चालत नाही, त्यांनी आधीच बोलावं.

घरात टोचणारं कुणी नसेल तर रिव्हारोक्साबॅनची 10 मिलिग्रॅमची रोज एक गोळी सोयीची. अपिक्साबॅन दिवसातून दोनदा, म्हणजे विसरायला दुप्पट संधी. रक्तस्रावाची भीती दोन्हींत आहेच. पोटात अल्सर होऊन गेला असेल तर लपवू नका.

खरा वाद ॲस्पिरिनवर. स्वस्त, ओळखीची, हृदयासाठी कित्येकजण आधीच घेत असतात. पण 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टल चाचणीत 90 दिवसांत त्रास देणाऱ्या गुठळ्या ॲस्पिरिनवाल्यांत 3.45 टक्के, एनोक्झापॅरिनवाल्यांत 1.82 टक्के निघाल्या. फरकाचा मोठा भाग पोटरीतल्या गुठळ्यांचा होता, फुप्फुसातल्या नव्हे. तरी फरक तो फरक. उलट 2018 च्या कॅनडातल्या चाचणीत पहिले पाच दिवस रिव्हारोक्साबॅन आणि पुढे ॲस्पिरिन दिली, तेव्हा निकाल शेवटपर्यंत रिव्हारोक्साबॅनच घेणाऱ्यांच्या जवळपास सारखा आला: गुठळ्या 0.64 विरुद्ध 0.70 टक्के.

माझा कौल असा: पूर्वी गुठळी झालेली नसेल, कॅन्सर नसेल, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहता येत असेल, तर हा 'आधी गोळी, मग ॲस्पिरिन' मार्ग डॉक्टरांपुढे जरूर मांडा. पूर्वी गुठळी झाली असेल तर नुसत्या ॲस्पिरिनवर राजी होऊ नका. आधीपासून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हिशेबच वेगळा. तो डॉक्टरांनीच मांडावा.

पायाला लावायचे हवेचे पंप आणि घोटा वरखाली हलवणं हे इंजेक्शन, गोळी, ॲस्पिरिन या तिन्हींच्या जोडीला असतंच. मनाने घेतलेली पेनकिलर मात्र कुणासोबतच नको, रक्तस्राव वाढतो. एकाच पोटरीला सूज आली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनी न करता थेट कॅज्युअल्टी गाठा.