मार्झिपानच्या अंड्यावरची नक्षी: ताजं अंडं बरं की मेरिंग पावडर?

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला वसई-वांद्र्यापासून गोव्यापर्यंत मार्झिपानची अंडी होतात. काजू-साखरेची दोन अर्धी कवचं साच्यातून काढून वाळवायची, पोटात गोळ्या-चॉकलेटं भरून आयसिंगने चिकटवायची आणि जोड दिसू नये म्हणून भोवती झालर काढायची. बटरक्रीमचा विचारही करू नका, आपल्याकडच्या एप्रिलात ते पाघळतं. इथे रॉयल आयसिंगच लागतं, म्हणजे अंड्याचा पांढरा आणि साखर फेटून केलेलं, वाळल्यावर कडक होणारं. ते ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचं करावं की मेरिंग पावडरचं, म्हणजे वाळवलेल्या पांढऱ्याच्या पुडीचं, एवढंच ठरवायचं असतं.

घरच्यापुरती चार-पाच अंडी करायची असतील तर मी ताज्या अंड्याचंच करते. एका अंड्याचा पांढरा, साधारण २०० ग्रॅम आयसिंग शुगर, लिंबाचे काही थेंब. वेगळं काही विकत आणायला नको. पण सगळ्या अंड्यांत पांढरा सारखा निघत नाही, त्यामुळे साखर अंदाजानेच घालावी लागते. चमचा उचलल्यावर शेंडा ताठ राहिला तर फुलं काढा, जरासा वाकला तर झालर.

पावडरीला हा अंदाजाचा खेळ नाही. ४५० ग्रॅम साखरेला ३ मोठे चमचे पावडर आणि ५-६ मोठे चमचे कोमट पाणी. दर वेळी तेच येतं. महाग पडते, चवही मला जरा सपाट वाटते. पण हवाबंद डब्यात आयसिंग दोनेक आठवडे राहतं, लागेल तेव्हा पुन्हा फेटून घ्यायचं. ताज्या अंड्याचं मात्र फ्रिजमध्ये ठेवूनही दोन दिवसांत संपवलेलं बरं. शिवाय ते कच्चंच पोटात जातं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, किंवा ऑर्डरी घेतल्या असतील, तर मी दुसरा विचार न करता पावडर काढते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मेरिंग पावडर शाकाहारी नसते, तीही वाळवलेल्या पांढऱ्याचीच. अंडं न खाणाऱ्या शेजाऱ्यांना द्यायचं असेल तर काबुली चणे उकडलेलं पाणी आटवून फेटतात. फक्त मग आतलं मार्झिपानही बिनअंड्याचं हवं.

तेलाशी दोन्हींचं वाकडं. एके वर्षी काजू मळलेलं भांडं मी नुसतं पाण्याने खंगाळलं आणि त्यातच पांढरा फेटायला घेतला. वीस मिनिटं झाली तरी सगळं ताकासारखं पातळच. हात भरून आले, अंडं वाया गेलं. तेव्हापासून भांडं आणि फेटणी आधी लिंबाच्या फोडीने पुसते. काजू जास्त दळल्याने मार्झिपानला तेल सुटलं असेल, तर त्यावरची फुलंही दुसऱ्या दिवशी पिवळट, ओलसर होतात. मग अंडं वापरा नाहीतर पावडर, उपयोग नाही.

सजवलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच घाम फुटतो आणि गुलाबी रंग पांढऱ्या झालरीत उतरतो. पंख्याखाली रात्रभर वाळू द्या.

हाताची चिंता नको. मेंदीचा कोन धरता येत असेल तर बटर पेपरचाही धरता येईल. साखर तेवढी मलमलीतून चाळून घ्या, नाहीतर फुलाच्या मधल्या पाकळीलाच कोनाचं टोक तुंबतं.