दिवा हिरवा, पोर्ट बाहेर: व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरवर एलएसीपीचे नऊ महिने

प्रॉक्समॉक्सचे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीचे) तीन सर्व्हर, प्रत्येकाचे दोन-दोन गिगाबिट पोर्ट लिनक्स बाँडिंगच्या (अनेक पोर्टांचा एक गट करण्याच्या) मोड ४ मध्ये, म्हणजे ८०२.३एडीमध्ये बांधलेले, वर ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) आणि ब्रिजवर सगळ्या व्हर्च्युअल मशीन. हा मोड एलएसीपीवर चालतो: कुठले पोर्ट गटात घ्यायचे ते सर्व्हर आणि स्विच एकमेकांना छोटी पाकिटं पाठवून ठरवतात. या मांडणीला नऊ महिने झाले. पहिले दोन महिने मी खूश होतो. त्यानंतर जे कळलं ते लिहितोय.

आधी वेगाचं, कारण सगळे त्याच आशेने येतात. एक आणि एक मिळून दोन गिगाबिट होतात, पण एका कनेक्शनसाठी नाही. एक कनेक्शन एकाच तारेवरून जातं. माझा एनएफएसवरचा (नेटवर्कवरच्या फाइल-साठ्यावरचा) बॅकअप सेकंदाला ११० एमबीच्या आसपास अडकायचा. कुठलं कनेक्शन कुठल्या तारेवर जायचं ते ठरवणारी हॅश पॉलिसी लेयर२ (मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचे पत्ते) वरून लेयर३+४ (आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक) केली, तरी तेच. मुळात टीसीपी कनेक्शनच एक, तर हॅश वाटणार काय? माउंट करताना एनकनेक्ट ४ (एकाऐवजी चार कनेक्शन) दिलं तेव्हा आकडा हलला, तोही नशिबाच्या हिशेबाने, कारण चारपैकी तीन कनेक्शन एकाच तारेवर पडली. रिस्टोअरला तर उलटी दिशा. सर्व्हरकडे येणारं कुठल्या तारेने यायचं ते स्विच ठरवतो, आणि आमच्या स्विचची हॅश मॅक पत्त्यावर होती. म्हणजे पुन्हा एकच तार.

पहिला खरा बिघाड तिसऱ्या सर्व्हरचा. त्याचा एक पोर्ट शेजारच्या स्विचला, दुसरा पलीकडच्या खोलीतल्या स्विचला. दोन्ही स्विच एमएलएजी जोडीत, म्हणजे बाँडला ते एकच स्विच वाटतात. पलीकडे फायबर जाते, त्यामुळे सर्व्हरच्या बाजूला तांबं-ते-फायबर मीडिया कन्व्हर्टर. बाँड 'अप', दोन्ही दिवे हिरवे, मशीन मजेत. मात्र आयपर्फला (वेग मोजणाऱ्या साधनाला) कितीही समांतर प्रवाह दिले तरी एका तारेच्या वर जात नव्हता. मी दोन महिने हॅशलाच दोष देत बसलो. शेवटी प्रॉक-नेट खालची बाँडिंगची फाइल नीट वाचली. दोन पोर्टांचे अ‍ॅग्रिगेटर आयडी (गटाचे क्रमांक) वेगवेगळे, आणि दुसऱ्याच्या पार्टनर मॅकमध्ये (समोरच्याच्या पत्त्यात) नुसती शून्यं! बाँडिंगमध्ये काही बिनसलं की पहिल्यांदा हेच पाहावं. शून्यं म्हणजे समोरून एकही एलएसीपीडीयू (एलएसीपीचं पाकीट) आलेला नाही. टीसीपीडम्पवर (पाकिटं दाखवणाऱ्या साधनावर) आपली पाकिटं जाताना दिसत होती, समोरची येतच नव्हती.

स्विचचं कॉन्फिगरेशन तीनदा तपासलं. व्हीलॅन बरोबर, वेग बरोबर, चॅनल अ‍ॅक्टिव्ह. मग सर्व्हरपासून स्विचपर्यंत लांब तांब्याची तार तात्पुरती ओढली आणि पोर्ट लगेच बाँडमध्ये आला. चोर कन्व्हर्टर होता. एलएसीपीडीयू ज्या पत्त्यावर जातात, ०१:८०:सी२:००:००:०२, तो राखीव आहे; ब्रिजने तो पुढे पाठवायचा नसतो. काही कन्व्हर्टरच्या पोटात छोटी स्विच चिप असते, ती नियम पाळते आणि ही पाकिटं गिळते. बाकीचा डेटा सुरळीत जातो, म्हणून संशय येत नाही. दुसऱ्या प्रकारचा कन्व्हर्टर लावला, प्रश्न मिटला.

आणि त्यातूनच दुसरा उभा राहिला. काही आठवड्यांनी कुणाच्या तरी धक्क्याने ती फायबर निसटली. कन्व्हर्टर आणि सर्व्हर यांच्यामधलं तांबं शाबूत, त्यामुळे सर्व्हरच्या पोर्टचा दिवा हिरवाच. एमआयआयमॉन (बाँडिंगची लिंक-तपासणी) दर १०० मिलिसेकंदाला पाहतो खरा, पण फक्त कॅरिअर, म्हणजे पोर्टवर सिग्नल आहे का एवढंच. एलएसीपीचा मूळ दर संथ: दर ३० सेकंदांनी एक पाकीट, तीन चुकली की पोर्ट बाद. म्हणजे ९० सेकंद बाँड त्या मेलेल्या तारेवर पाकिटं ओतत राहिला. सर्व्हरांना एकमेकांची खबर देणारं कोरोसिंकही त्याच बाँडवर, ही घोडचूक माझी. उरलेल्या दोन्ही सर्व्हरकडे जाणारं कोरोसिंक हॅशने नेमकं त्याच तारेवर पडलं, कोरम (क्लस्टरमधलं बहुमत) गेला, एचए (बिघाडात मशीन आपोआप दुसरीकडे हलवणारी सोय) चालू असल्याने साधारण मिनिटभरात वॉचडॉगने (सुरक्षा-टायमरने) सर्व्हर रीस्टार्ट केला. बाँडला शहाणपण यायला अजून अर्धा मिनिट होता.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. आमच्या कन्व्हर्टरच्या तळाशी डिप स्विच (छोटे खटके) आहे, त्यावर लिंक फॉल्ट पास-थ्रू चालू केलं. आता फायबर गेली की तांब्याची लिंकही पडते. एलएसीपी दर फास्ट केला, सेकंदाला एक पाकीट आणि तीन सेकंदांत निकाल. इथे एक गोम आहे: सर्व्हरवर फास्ट लिहिणं म्हणजे समोरच्याला 'मला दर सेकंदाला पाठव' असं सांगणं. स्विचलाही आपल्याकडून तसंच हवं असेल तर त्याच्यावर वेगळं लिहावं लागतं. आणि कोरोसिंकला स्वतःचा स्वतंत्र पोर्ट दिला, बाँड फक्त त्याची दुसरी लिंक. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मध्ये एकदा नवं पीसीआय कार्ड घातल्यावर पोर्टांची नावं सरकली आणि बाँडला आपले सदस्यच सापडेनात. कायमच्या मॅक पत्त्यावरून नावं पक्की केली, दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या हायपरव्हायझरवाल्यांनी (व्हर्च्युअल मशीन चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी) हे जसंच्या तसं उचलू नये. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयच्या स्टँडर्ड स्विचवर एलएसीपी नाही, तिथे स्टॅटिक चॅनल (एलएसीपीशिवाय हाताने बांधलेला गट) आणि आयपी हॅश. एलएसीपीसाठी डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या एसईटी टीमिंगमध्येही (तिथल्या पोर्ट-गटातही) एलएसीपी नाही, समोरच्या स्विचवर चॅनल बांधलात तर उलट घोळ होतो.

माझं मत: व्हर्च्युअल मशीनच्या रहदारीसाठी एलएसीपी ठेवतो, पाचपैकी चार स्टार. मॅनेजमेंटसाठी साधा अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक पोर्ट चालू, दुसरा राखीव) बरा, त्यात समजून घेण्यासारखं फारसं काही नाही आणि तेच हवंय. गेल्या आठवड्यात ती फायबर मुद्दाम उपसून पाहिली. पोर्टचा दिवा तत्काळ विझला, लिंक फेल्युअर काउंट एकाने वाढला आणि मशीनवाल्यांपैकी कुणाचाही फोन आला नाही.