२०० एएचचं स्टिकर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि माझे १,८८,८०० रुपये

कॅम्परव्हॅनचं वायरिंग बाहेरून करून घेणार असाल तर आधी हे वाचा. पुण्याबाहेरच्या एका फॅब्रिकेटरने मला १,८८,८०० रुपयांना बुडवलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून नाव लिहीत नाही. बुकिंगला ६०,००० आणि बॅटरी बसवताना ९०,००० यूपीआयने दिले, गाडी ताब्यात घेताना ३५,००० रोख, आणि वर नंतरच्या 'दुरुस्ती'चे ३,८००. रोख रकमेची पावती मागितली तर म्हणाला, पक्क्या बिलासोबत देतो. ते पक्कं बिल अजून यायचंय.

ठरलं होतं ते असं: २०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, दोन केव्हीएचा इन्व्हर्टर, बाहेरची लाइट घ्यायला १६ अँपिअरचा इनलेट, शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी, आणि वायर सगळी आयएसआय मार्कची, शुद्ध तांब्याची. कोटेशनवर हे छापलेलं आहे, खाली जीएसटी नंबरही आहे. छापील नंबर दिसला की माणूस विश्वास ठेवतोच. तो नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे.

बॅटरी बसवली तो प्रसंग आठवला की अजून डोकं फिरतं. कारागीर गाडीत मागच्या बाकाखाली घुसला होता. "साहेब, जरा देता का आत?" म्हणाला. मी ती पट्ट्याला धरून एका हाताने उचलली आणि दिली. एका हाताने! १२ व्होल्टची २०० एएचची लिथियम बॅटरी वीस-पंचवीस किलोची असते. ही आम्ही नंतर वजन केली, १२ किलो ४०० ग्रॅम. मी तिथल्या तिथे विचारलंही होतं, एवढी हलकी कशी? उत्तर तयार होतं: "लिथियम आहे साहेब, म्हणून तर एवढी किंमत." आता घरातल्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलायला दोन माणसं लागतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लिथियम हलकी असते हेही खरंच आहे. शंकेला जागा राहू नये अशीच ती बोलणी होती. वजनकाटा घेऊन कोण जातं? तुम्ही जा.

दापोलीजवळ एका बागेत मुक्कामाला होतो. तिथल्या पॉइंटवर केबल लावली, गीझर सुरू असताना बायकोने इंडक्शनवर चहा ठेवला आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला. वर केला, परत पडला. हिशेब साधा आहे: गीझर ३,००० वॉटचा, इंडक्शन २,००० वॉटचं. २३० व्होल्टला जवळजवळ २२ अँपिअर होतात आणि एमसीबी १६ चा. तो पडायलाच हवा होता. एकावेळी एकच वापरा, एवढं त्या फॅब्रिकेटरने सांगितलं असतं तर विषय संपला असता. पण घरी परतल्यावर फोन केला तर म्हणाला, "तुमचा एमसीबी वीक आहे, बदलून देतो." आला, १६ चा काढून ३२ चा बसवला, ३,८०० घेऊन गेला. वायर तीच, अडीच एमएमची. प्लगही तोच, १६ अँपिअरचा.

एमसीबी असतो वायर वाचवायला. वायर तशीच ठेवून मोठा एमसीबी बसवणं म्हणजे भिंतीच्या आत आग लावायची तयारी. आमच्या गाडीत त्या भिंतीला प्लायवूड आणि फोम आहे आणि शेजारी मुलं झोपतात. पुढच्या मुक्कामात एमसीबी अजिबात पडला नाही. जळकट वास आला म्हणून प्लग ओढला तर एक पिन तपकिरी पडलेली, भोवतालचं प्लास्टिक मऊ होऊन खाली ओघळलेलं. त्याच सकाळी ओल्या मातीत उभं राहून दाराची कडी धरताना बायकोला झिणझिण्या आल्या होत्या.

गावातल्या वायरमनने पॅनल उघडलं. ब्लेडने वायर खरवडली, वरचा तांबूस थर गेला आणि आतून पांढरं अ‍ॅल्युमिनियम निघालं. आरसीसीबी म्हणून दाखवलेला तुकडा साधा दोन पोलचा एमसीबी होता. खऱ्या आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण असतं, दाबलं की तो पडलाच पाहिजे. गाडी ताब्यात घेताना दाबून बघा. बटणच नसेल तर तिथूनच भांडा. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून ५०० वॉटचा हॅलोजन लावला. २०० एएचवर चार तास सहज चालायला हवा होता, दोन तास जेमतेम चालला. म्हणजे आत शंभरचाच माल, स्टिकर दोनशेचं.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत म्हणाले, काम झालंय ना, मग हा दिवाणी मामला. मी जळका प्लग टेबलावर ठेवला, तो त्यांनी हातातही घेतला नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, योग्य माणसाला पोचलेत, फसवणुकीत बसत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर कंपनीकडून प्रतिसाद नाही असा शेरा मारून बंद केली. प्रतिसाद नाही म्हणूनच तर मी तुमच्याकडे आलो! गाडीच्या नोंदणीच्या कार्यालयात सांगितलं, आतलं वायरिंग आमच्याकडे येत नाही. विजेच्या कार्यालयात सांगितलं, आमचं काम मीटरपर्यंत. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, लोकांनी गाड्या घ्याव्यात असं सगळ्यांना वाटतं. आणि त्या गाडीत २३० व्होल्ट कुणी कसे फिरवले हे बघायचं म्हटलं की प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो. एखादं कुटुंब झोपेत जळाल्यावर मात्र हेच सगळे पंचनाम्याला येतील.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील नसला तरी तक्रार करता येते. माझी पहिली नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आली, म्हणून सांगतो, वर्कशॉपचा आणि घरचा असे दोन्ही पत्ते आधीच लिहून घ्या. रोख देऊ नका. माझ्या ३५,००० चा पुरावा फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचा त्याचा 'मिळाले' एवढा मेसेज आहे. आणि एमसीबी पडतोय म्हणून कुणी मोठा बसवायला निघाला तर त्याला पॅनलला हात लावू देऊ नका, आधी वायर किती एमएमची ते विचारा.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने जाहिरात करतो. जाहिरातीत माझ्याच गाडीच्या पॅनलचा फोटो आहे. तो बघून कुणी अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर आजच लेखी परत मागा.