घरच्या मिक्ससाठी कोणता रिव्हर्ब: कन्व्होल्यूशन की अल्गोरिदमिक?

मे महिन्यात नागपुरात गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे कूलर बंद करून, घामाघूम होत टेक घ्यायचा. एवढं करूनही फरशीचा आणि उघड्या भिंतींचा घुमारा आवाजात उतरतोच. रिव्हर्ब म्हणजे मिक्स करताना आवाजावर वरून चढवलेला घुमारा; तो कोणता घ्यायचा, याचा माझा कौल खोलीच्या याच घुमाऱ्यावर ठरतो.

कन्व्होल्यूशनमध्ये खऱ्या जागेचा ठसा असतो. जागेत फुगा फोडायचा, तिचं उत्तर रेकॉर्ड करायचं. झाला इम्पल्स रिस्पॉन्स; हा ठसा मग कोणत्याही आवाजावर चढवता येतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या जिन्यात मी हा उद्योग केला, तर वरून काकूंचा आवाज आला, "काहून रे फटाके फोडून राहिला?" पण त्या जिन्यात माझी ढोलकी अशी बसली, की कोणत्याही प्रीसेटने, म्हणजे तयार सेटिंगने, बसली नसती. अडचण एवढीच, की हा फोटो आहे. घुमारा ताणून लांबवला तर खोटा वाटतो, आणि जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसरही दमतो.

अल्गोरिदमिक रिव्हर्ब गणिताने रचलेला, त्यामुळे हवा तसा वळतो. यातला 'प्लेट' प्रकार १९५७ च्या ईएमटी १४० या यंत्राची नक्कल करतो. त्यात टांगलेला पोलादी पत्रा थरथरायचा. पत्रा म्हणजे खोली नव्हे. भिंतींवरून सुटे सुटे परतणारे आवाज त्यात नसतात. घुमारा सुरुवातीपासूनच दाट. आपल्या गायकाच्या आवाजात एक खोली आधीच शिरलेली असते, वरून सभागृहाचा घुमारा चढवला तर खोलीत खोली होते. म्हणून गळ्यासाठी मी प्लेटच घेतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी गायकाच्या मागे गादी उभी करतो.

भीमगीत असो की अभंग, शब्द आधी पोचले पाहिजेत. डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) दीड सेकंद, प्री-डिले (मूळ आवाजानंतर घुमारा सुरू व्हायचा अवकाश) ३० ते ४० मिलिसेकंद ठेवा. रिव्हर्ब ट्रॅकवर न लावता वेगळ्या सेंडवर (आवाजाची प्रत पाठवायच्या वेगळ्या वाटेवर) घ्या आणि त्याच्या आधी इक्यूने (आवाजातले जाडे-बारीक पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ६०० हर्ट्झच्या खालचं, १० किलोहर्ट्झच्या वरचं कापा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओची ही जुनी युक्ती चिखल होऊ देत नाही.

पैसे मोजण्याआधी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येच ताडून पाहा: त्यातला रियाव्हर्ब कन्व्होल्यूशन आहे, रियाव्हर्बेट अल्गोरिदमिक. एकट्या बासरीचं काम असेल आणि ती कोरडी रेकॉर्ड झाली असेल, तर मात्र मीही कन्व्होल्यूशनच उघडतो.