साइडिंगमध्ये वॅगन कोण हलवणार? रेल्वेचं इंजिन, स्वतःचं इंजिन की रेल-रोड ट्रॅक्टर

ओढा, खेरवाडी किंवा निफाडच्या बाजूला स्वतःची साइडिंग (कारखाना किंवा गोदामापर्यंत जाणारी खासगी रेल्वेलाइन) टाकायची असेल, तर कोटेशन मागवण्याआधी जागा मोजा. बॉक्सएन वॅगन (कोळशासारख्या मालाचा उघडा डबा) १०.७१ मीटरची. ५८ वॅगनचा रेक, म्हणजे जोडलेली अख्खी मालगाडी, ६२१ मीटर, वर इंजिन आणि ब्रेकव्हॅन.

एवढी सलग लाइन असेल आणि पूर्ण रेक जागेवरच रिकामा होत असेल, तर रेल्वेचं इंजिन थांबवून ठेवण्याची ‘इंजिन ऑन लोड’ पद्धत घ्या. रेक तोडण्याची भानगड नाही. अडचण रुळावरच्या विजेच्या तारेची आहे. नाशिकचा मार्ग विजेवरचा, आणि २५ केव्ही तारेखाली ग्रॅब किंवा जेसीबी चालवता येत नाही. म्हणून तार उतराईच्या अलीकडे संपवायची आणि इंजिनाने रेक मागून ढकलायचा. ड्रायव्हरला पुढचं टोक दिसत नाही, त्यामुळे तिथे वॉकीटॉकीवाला पॉइंट्समन (इशारे देणारा रेल्वे कर्मचारी) लागतोच. शंटिंगची (वॅगन इकडून तिकडे हलवण्याची) कमाल गती ताशी १५ किमी, पेट्रोलच्या टँक वॅगनना ८.

लाइन अर्धीच असेल किंवा टिपलरवर (वॅगन उलटून रिकामी करणाऱ्या यंत्रावर) एकेक वॅगन उलटी करायची असेल, तर स्वतःचं डिझेल इंजिन. पण महिन्याला दोन-चार रेकसाठी तीन पाळ्यांचे शंटर (शंटिंग इंजिनाचे ड्रायव्हर) पोसणं परवडत नाही.

रस्त्यावर आणि रुळावर दोन्हीकडे चालणारा रेल-रोड ट्रॅक्टर स्वस्त दिसतो, तिथेच लोक फसतात. अर्धा रेक, म्हणजे भरलेल्या २९ वॅगन, साधारण २,६०० टन. ४०० मीटरला १ मीटर चढ असेल, तर नुसता उतारच साडेसहा टनांनी मागे ओढतो. पावसात रबरी टायरची पकड सुटते. शिवाय ब्रेकपाइपमध्ये (वॅगनच्या ब्रेकना हवा पुरवणाऱ्या नळीत) ५ किलो दाब भरण्याइतका कॉम्प्रेसर प्रत्येक ट्रॅक्टरवर नसतो. तो नसेल तर थांबवायला फक्त ट्रॅक्टरचाच ब्रेक. सपाटीवर पाच-सहा वॅगन, यापुढे त्याच्यावर भिस्त नको.

पद्धत कुठलीही असो, डॅमरेज (वॅगन वेळेत परत न दिल्याचा दंड) एका वॅगनमुळे अख्ख्या रेकवर बसतं. ती एक वॅगन अडते ती बहुधा हँडब्रेक राहिल्याने: चाक फिरत नाही, घासत जातं आणि चपटं होतं. कपलर (दोन वॅगन जोडणारा आकडा) जोडल्यावर हिसका देऊन लॉक पडला का बघा. आणि रिकामा रेक काढण्याआधी फरशीतल्या रुळालगतची खाच पहारीने साफ करा. तिथे दबून बसलेल्या कोळशावर चाक चढलं की वॅगन रुळावरून खाली उतरलीच.